हवेची टाकी : ठेवावी की मोडावी?

हळ्ळीखेडच्या नावापुढे कंसात 'बी' हे अक्षर का लिहितात, असे बाहेरगावाहून आलेले विद्यार्थी नेहमी विचारतात. 'बी' म्हणजे बुजुर्ग. मराठी मुलखात ज्याला बुद्रुक म्हणतात तेच हे, आणि 'के' म्हणजे खुर्द. जुन्या फारसी-उर्दू दप्तराची ही रीत आपल्या बीदर जिल्ह्यात अजून चालू आहे. बुजुर्ग माणसाला आपण मान देतो, त्याला घराबाहेर काढीत नाही. बुजुर्ग यंत्राचे काय करावे, हा प्रश्न मात्र इतका सोपा नाही. गेल्या पावसाळ्यात तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि पहिल्या दिवशी मी त्याचे उत्तर चुकीचे दिले. ते कसे, हे सांगण्यासाठी हा लेख.

माझा एक जुना विद्यार्थी गावात गॅरेज चालवतो. उसाचा हंगाम लागला की साखर कारखान्याकडे जाणारे ट्रॅक्टर आणि ट्रक त्याच्या दारावरून जातात. टायर बसला, पंक्चर झाले, की पहिली हाक त्यालाच. त्याच्या वडिलांनी १९८८ साली कुठूनतरी जुना घेतलेला हवेचा कॉम्प्रेसर दोन वर्षांपासून शेडमध्ये बंद पडून होता. वडील वारले तेव्हापासून त्याला कोणी हात लावला नव्हता. टाकीवर त्यांनी स्वतःच्या हाताने एका बाजूस कन्नडमध्ये 'गाळी' आणि दुसऱ्या बाजूस मराठीत 'हवा' असे पांढऱ्या रंगात लिहिले होते. नवीन यंत्र घ्यावे तर हंगामापूर्वी तेवढी रक्कम जमणे कठीण. "सर, तुम्ही एकदा बघा. चालण्यासारखा असला तर अप्पाची वस्तू कामाला येईल," असे तो म्हणाला. मी पदार्थविज्ञान शिकवतो, मिस्त्री नव्हे. तरी बी. एस्सी.ची चार मुले बरोबर घेऊन गेलो. पुस्तकातला दाब डोळ्यांनी पाहावा, हा हेतू.

आता यंत्राविषयी थोडेसे. गॅरेजचा कॉम्प्रेसर आपण एक यंत्र समजतो, पण त्यात दोन अगदी वेगळ्या वस्तू असतात. वर पंप : सिलिंडर, पिस्टन, झडपा, पट्टा आणि मोटर. खाली टाकी. पंपाचे काही बिघडले की तो आवाज करतो, तापतो, तेल ओकतो, हवा कमी देतो. थोडक्यात, तक्रार करतो. टाकीला तक्रार करता येत नाही. शिवाय पंपाचे भाग बदलता येतात. टाकीचा पत्रा गेला तर बदलण्यासारखे त्यात दुसरे काही नसते, कारण पत्रा म्हणजेच टाकी. म्हणून जुना कॉम्प्रेसर पाहताना पहिल्यांदा खाली वाकून पाहावे लागते. लोक मात्र आधी पंपाचे चाक हाताने फिरवून पाहतात. आम्हीही तेच केले.

चाक फिरले. सिलिंडरमध्ये दाब धरल्यासारखे वाटले. डोके उघडले तर झडपेची एक पोलादी पट्टी तुटलेली आणि बाहेर जाणाऱ्या वाटेवर काजळीचा जाड थर. ही काजळी तिथेच का साचावी? सायकलचा पंप मारताना नळी गरम होते हे सर्वांना ठाऊक आहे. ३० अंश सेल्सियसची हवा एकाच दमात आठपट दाबली, तर गणिताने तिचे तापमान २७५ अंशांच्या घरात जाते. त्यात आलेले तेल जळणारच. हेच काम दोन सिलिंडरांत वाटून मध्ये हवा थंड केली, तर तापमान १३५ अंशांच्या आसपास राहते. मोठ्या कॉम्प्रेसरला एक जाड आणि एक बारीक असे दोन सिलिंडर आणि मध्ये पंख असलेली नळी असते, ती यासाठी. आमचा एकसिलिंडरी होता. पण झडप आणि पिस्टनच्या रिंगा बाजारात मिळतात, मोटर तपासता येते. पंप वाचवण्यासारखा होता, एवढे सांगून त्याचा विषय इथे सोडतो.

टाकीचा व्यास ४५ सें.मी., लांबी १२० सें.मी.; म्हणजे सुमारे १९० लिटर. तिच्यावरची पितळी पट्टी, जिच्यावर चालवण्याचा दाब, चाचणीचा दाब आणि सन कोरलेले असते, ती नव्हती. दोन रिव्हेटांची भोके तेवढी होती. पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक कंपनी १९५८ ची, कोइमतूरची एल्जी १९६० ची. तेव्हापासून देशात असंख्य कॉम्प्रेसर तयार झाले आणि त्यांचे भाग जोडून छोट्या वर्कशॉपांनीही कितीतरी उभे केले. हे त्यांपैकी कोणते, हे सांगणारी एकुलती एक जीभ ती पट्टी, आणि तीच गेलेली. सेफ्टी व्हॉल्व्हच्या जागी कोणीतरी प्लग ठोकला होता. तळाचा पाणी काढण्याचा कॉक रंगाच्या दोन-तीन थरांखाली गाडला गेला होता. रंग अखंड होता, याचा अर्थ तो कॉक कित्येक वर्षे कोणी फिरवला नव्हता. ही गोष्ट मी पाहिली, वहीत टिपली, आणि तिचा अर्थ त्या दिवशी लक्षात घेतला नाही.

मुलांनी तिथेच गणित मांडले. ट्रकच्या टायरला शंभराहून अधिक पौंड हवा लागते, म्हणून टाकीत दर चौरस सेंटिमीटरला १० किलो, म्हणजे सुमारे १४० पौंड, दाब धरला. टाकीच्या एका टोकाच्या झाकणाचे क्षेत्रफळ १,५९० चौ. सें.मी. त्यावरचा रेटा १५,९०० किलो, म्हणजे जवळजवळ १६ टन! सतराव्या शतकात मागदेबुर्गच्या ओटो फोन गेरिकेने दोन पोकळ अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि आठ-आठ घोडे दोन्ही बाजूंना जुंपले, हा प्रयोग आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. ते अर्धगोल साधारण आमच्या टाकीच्याच व्यासाचे, ५० सें.मी.च्या आसपासचे होते. आणि घोडे झगडत होते ते केवळ एका वातावरणाच्या दाबाशी. गॅरेजच्या कोपऱ्यात त्याच्या दहापट रेटा, आणि त्यापासून हातभर अंतरावर गिऱ्हाइकांना बसण्याचा बाक. पंक्चर निघेपर्यंत लोक तिथे चहा पितात.

मग आम्ही पाण्याची चाचणी केली. टाकी पाण्याने काठोकाठ भरायची, वरच्या भोकातून पाणी सांडू लागले की प्लग लावायचा, आणि पाइपलाइन तपासण्याच्या हातपंपाने दाब वाढवायचा. पाणीच का, हवा का नाही, हा प्रश्न एका मुलीने विचारला आणि तो फार मोलाचा आहे. १९० लिटर हवा १० किलोच्या दाबाखाली असताना टाकी फाटली, तर ती हवा प्रसरण पावताना सुमारे अडीच लाख जूल काम करू शकते. एक टनाची जीप २५ मीटर उंच उचलायला एवढीच ऊर्जा लागते. पाणी मात्र दाबले तरी जवळजवळ दबतच नाही. दीडपट, म्हणजे १५ किलोच्या दाबालाही त्या सगळ्या पाण्यात शंभरेक जूल साठतात. पत्र्याच्या ताणातली ऊर्जा धरली तरी दोन-अडीचशेच्या वर जात नाही. हजारपटीचा फरक! पाण्याने भरलेली टाकी फुटली तर पाय ओले होतील, हवेने भरलेली फुटली तर शेड जाईल. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नये, तो यासाठी.

नव्या मापकाचा काटा १५ वर नेला. पाऊण तास तो हलला नाही. कुठे थेंब नाही, पाझर नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या विद्यार्थ्याचे डोळे भरून आले. मी म्हणालो, "घे रे, अप्पाची टाकी पास झाली. सेफ्टी व्हॉल्व्ह नवा बसव आणि चालव." त्या संध्याकाळी घरी येताना मला आपण काहीतरी चांगले काम केले असे वाटत होते.

रात्री वही पुन्हा उघडली तेव्हा तो रंगाने बुजलेला कॉक समोर आला.

हवेत पाण्याची वाफ असते. पावसाळ्यात २७ अंशाला एक घनमीटर संपृक्त हवेत सुमारे २६ ग्रॅम पाणी मावते. आर्द्रता ८० टक्के धरली तर २१ ग्रॅम. हीच हवा दाबून अकराव्या हिश्शाच्या जागेत कोंबली आणि ती पुन्हा गार झाली, की तिच्यात दोन-अडीच ग्रॅमच मावते. उरलेले १८ ग्रॅम टाकीत गळतात. पंप मिनिटाला १५० लिटर हवा घेत असेल तर तासाला ९ घनमीटर, आणि तीन तासांत अर्धा लिटर पाणी. रोज. पाणी तळाला जाते, म्हणून कॉक तळाला असतो आणि रोज संध्याकाळी तो उघडायचा असतो. जिथे तो वर्षानुवर्षे उघडलाच नाही, तिथे तळाचा पत्रा वर्षानुवर्षे पाण्यात उभा आहे. आम्ही तपासले होते ते आज टाकी दाब सोसते का, एवढेच. पत्रा किती उरला आहे, हे तपासलेच नव्हते. खरे पाहता जाडी आधी मोजायची आणि पाण्याची चाचणी मागाहून करायची. मी उलटे केले. सकाळी उठून पहिला निरोप धाडला की टाकीत हवा भरू नकोस.

हुमनाबादच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगची तपासणी करणारे एक ओळखीचे गृहस्थ आहेत. त्यांच्याकडे पत्र्याची जाडी मोजण्याचे छोटे उपकरण होते. हे पत्र्यात आवाज सोडते; आपल्याला ऐकू न येणारा. तो पलीकडच्या पृष्ठावर आपटून परत येतो. पोलादात आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ५,९०० मीटर, म्हणजे ३ मि.मी. जाडीला जाण्यायेण्याचा वेळ सेकंदाचा दहा लाखावा भाग. एवढा वेळ मोजून ते जाडी सांगते. पुढच्या रविवारी ते आले. टाकीच्या माथ्यावर ५.८ मि.मी., कुशीला ५.६. मूळ पत्रा ६ मि.मी.चा असावा. तळाला आल्यावर आकडा ३.४ वर उतरला, मग २.९, आणि कॉकपासून वीतभर अंतरावर २.१. त्यातून टाकीची लांबीची शिवण, म्हणजे वेल्डिंगची रेघ, नेमकी तळाजवळ होती. त्या भागावर हातोडीने हलके टकटक केल्यावर माथ्यावर घंटेसारखा येणारा आवाज तिथे मातीच्या मडक्यासारखा आला. भोकातून विजेरी धरून पाहिले, तर आत देवीच्या व्रणांसारखे खड्डे.

आता खरा वाद सुरू झाला, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणात विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगे जे आहे ते इथेच आहे. गोल टाकीच्या पत्र्यातील ताण काढण्याचे सूत्र साधे आहे : ताण = दाब × व्यास ÷ (२ × जाडी). लांबीच्या दिशेतला ताण याच्या निम्मा असतो, त्यामुळे टाकी फाटते ती तुरीच्या शेंगेसारखी, लांबीत. १० किलो दाब, ४५ सें.मी. व्यास आणि २.१ मि.मी. जाडी घातली की उत्तर येते दर चौ. सें.मी.ला सुमारे १,०७० किलो. एका हुशार मुलाने लगेच हात वर केला : "सर, साधे पोलाद तुटते ४,१०० किलोच्या आसपास. हे तर त्याच्या चौथा हिस्सा झाले. शिवाय टाकीने १५ किलो सोसून दाखवले आहे. मग अडचण काय?"

मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. उगाच भीती घालणे हे शिक्षकाचे काम नव्हे, म्हणून मी आधी ते मान्य केले. त्या दिवशी टाकीत १० किलो हवा भरली असती तर बहुधा काही झाले नसते. पण चौपटीची जी शिल्लक ठेवतात ती खर्चासाठी नसते. जी गोष्ट आपल्याला मोजता येत नाही तिच्यासाठी ती असते. वेल्डिंग तपासलेले नसेल तर त्याची ताकद अखंड पत्र्याच्या सत्तर टक्केच धरतात. तसे धरले तर या टाकीला १० किलोसाठी किमान ३.२ मि.मी. पत्रा हवा, आणि गंजासाठी वर थोडा अधिक. पत्रा कोणत्या जातीचा, हे सांगणारी पट्टी नाही. दिवसातून कितीदा तरी टाकी भरते आणि रिकामी होते. प्रत्येक वेळी पत्रा ताणतो, सैल होतो, आणि खड्ड्याच्या तळाशी तो ताण एकवटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचे : त्या गृहस्थांनी तळाला पंचवीस-तीस ठिकाणी उपकरण टेकवले. २.१ ही आम्हाला सापडलेली सर्वांत पातळ जागा होती. टाकीची सर्वांत पातळ जागा ती नव्हे. ती कुठे आहे हे टाकीलाच ठाऊक.

हे ऐकून माझा विद्यार्थी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "निम्म्या दाबावर चालवली तर? पाच किलोवर?" हा प्रश्न मला सर्वांत अवघड गेला. निम्म्या दाबाला ताण निम्मा होतो, हे खरेच. मोटारसायकलच्या आणि ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाच्या टायरला तेवढी हवा पुरतेही. मी त्याला विचारले, "हंगामात रात्री अकराला उसाचा ट्रक दारात उभा राहिला, ड्रायव्हर घाई करतोय, आणि त्याला ११० पौंड हवेत. तू स्विचचा स्क्रू पिळणार नाहीस?" तो हसला. "पिळीन, सर." शेजारच्या वेल्डरचाचांनी त्यांच्या परीने तोड काढली : "पट्टी मारतूँ साब, दस साल कुछ नै होता." चाचांचा हात या भागात नावाजलेला आहे. पण पट्टी जोडायची कशाला? भोवतालच्या दोन-अडीच मि.मी.च्या कुजक्या पत्र्याला. ठिगळ मजबूत आणि धोतर जीर्ण, अशी ती गत. त्यातून वरची पट्टी खालचे खड्डे झाकून टाकते; पुढच्या माणसाला तिथे मोजताही येत नाही.

कायद्याकडे वळावे तर तिथेही फारसा आधार नाही. १९२३ चा बॉयलर कायदा वाफेपुरता होता. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ३१ व्या कलमाने दाबाखालील यंत्रांत सुरक्षित दाब ओलांडला जाऊ नये अशी व्यवस्था करण्यास बजावले होते. पण विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगार असतील तरच ती जागा कारखाना ठरे. आमच्या गॅरेजात मालक धरून तिघे. अशा ठिकाणी तपासनीस येत नाही. जो स्क्रू पिळणार तोच तपासनीस. असे नियम झाले तरी कसे झाले ते पाहण्यासारखे आहे. अमेरिकेतील ब्रॉक्टन गावच्या बुटांच्या कारखान्यात २० मार्च १९०५ रोजी बॉयलर फुटून ५८ माणसे गेली. मुख्य बॉयलर बंद असल्यामुळे त्या दिवशी जुना, राखीव ठेवलेला बॉयलर पेटवला होता. त्यानंतर तिथे कायदा आला, आणि १९१४ साली तिथल्या यंत्र-अभियंत्यांच्या संस्थेने बॉयलर बांधण्याची संहिता तयार केली.

अखेर पंप ठेवायचा आणि टाकी मोडायची असे ठरले. निर्णय माझ्या विद्यार्थ्याने स्वतः घेतला. मी फक्त आठवड्यापूर्वीचा माझा होकार मुलांसमोर परत घेतला, आणि ते सोपे गेले नाही. त्याने हैदराबादहून चाचणीचा दाखला असलेली नवी टाकी आणली. पंपाला नवी झडप आणि रिंगा बसवल्या. दोन्ही मिळून नव्या कॉम्प्रेसरच्या निम्म्याहून थोडा कमी खर्च आला. त्यासाठीही त्याला बायकोच्या बचत गटातून उचल घ्यावी लागली. ज्याला सगळेच नवे परवडते त्याने पंपाच्या नादी लागू नये, असे मी म्हणेन. त्याला परवडत नव्हते.

जुनी टाकी घ्यायला भंगारवाला दुसऱ्याच दिवशी हजर. वजनावर चांगला भाव देत होता, आणि "अख्खी द्या, जास्त देतो" असेही म्हणाला. अख्खी कशाला हवी, हे आम्ही विचारले नाही. बसवकल्याणच्या ऑटोनगरात किंवा दुसरीकडे कुठे तरी तिला नवा रंग लागला असता आणि ती पुन्हा कोणाच्या तरी बाकाशेजारी उभी राहिली असती. आत तेलाचा थर होता, म्हणून आधी सोड्याच्या पाण्याने धुतली, सगळी तोंडे उघडी ठेवली, आणि मग चाचांनी तळ उभा कापला. कापलेल्या कडेवर मुलांनी मापपट्टी धरली. कॉकच्या पलीकडे, शिवणीला लागून, उपकरण जिथे टेकलेच नव्हते तिथे, एका खड्ड्यात पत्रा एक मि.मी.हूनही कमी उरला होता. विजेरी मागे धरली तर एका ठिपक्यातून उजेड दिसेल की काय, असे वाटावे इतका. तो तुकडा मी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत आणून ठेवला आहे. ज्यांना पाहायचा असेल त्यांनी जरूर यावे.

अक्षरे असलेला कुशीचा पत्रा मात्र त्याने भंगारात दिला नाही. तो चौकोनी कापून दारावर टांगला आहे. रस्त्याने हुमनाबादकडून आले की 'गाळी' वाचता येते, उलट बाजूने आले की 'हवा'.

नव्या टाकीवर पंप चढवल्यावर आम्ही घड्याळ लावून पाहिले. शून्यापासून ७ किलोपर्यंत २०० लिटरची टाकी नऊ मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला दीडशे लिटरच्या आसपास. नव्या पंपापेक्षा कमी, पण टायरला पुरेशी. परवा सहज तिकडून गेलो होतो. संध्याकाळचे सात वाजले होते. मी काही विचारण्यापूर्वीच तो खाली वाकला आणि तळाचा कॉक उघडला. फुस्स आवाज झाला आणि फरशीवर पेलाभर पाणी आले. स्वच्छ होते.